शिस्त लावू की औषध देऊ? पहाटे साडेतीनला उठणाऱ्या मुलाच्या आईला

पत्राचा सारांश: चिंचवडहून एका आईनं लिहिलं आहे. मुलगा सात वर्षांचा. चौथ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. बोलणं मोजक्या शब्दांचं. धाकटी मुलगी तीन वर्षांची. तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, सोबत सासूबाई. नवरा चाकणच्या एका कारखान्यात तिन्ही पाळ्यांत काम करतो. मुलाला रात्री साडेनऊला अंथरुणात घेतलं तरी झोप लागायला साडेबारा वाजतात, नवऱ्याची दुसरी पाळी असली तर एक. आईचे केस मुठीत धरल्याशिवाय तो झोपत नाही. पहाटे साडेतीनला उठून हसतो, हुंकार देत उड्या मारतो. खालच्या मजल्यावरचे लोक दोनदा भांडून गेले, म्हणून आई त्याला हॉलमध्ये नेऊन फोन देते. पाचच्या सुमारास तो पुन्हा झोपतो आणि सातला ओढून उठवावा लागतो. शाळेतून आल्यावर दुपारी दोन ते साडेचार झोप. आईचीही तेवढीच काय ती झोप. एक थेरपिस्ट म्हणतात, लाड बंद करा, वेगळं झोपवा, रडला तरी जवळ घेऊ नका. सासूबाई म्हणतात, आमची पोरं अशी नव्हती. नणंदेनं न्यू जर्सीहून झोपेसाठी मेलाटोनिनच्या जेलीसारख्या गोळ्या पाठवल्या आहेत आणि नवरा म्हणतो, आजपासून सुरू कर. मध्यंतरी सर्दीचं सिरप दिलं होतं तेव्हा मुलगा सहा तास सलग झोपला. तेच रोज द्यावं का, असंही मनात येतं. "मीच कुठेतरी कमी पडते आहे. आता शिस्त लावू की औषध देऊ, एवढंच सांगा."

प्रिय ताई,

एवढंच सांगून मला थांबता येणार नाही, कारण शिस्त आणि औषध या दोन्हींच्या आधी बघायला हवं असं बरंच काही तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. "खाण्याचं तर विचारूच नका, दिवसभर दूध-बिस्किटं नाहीतर दहीभात. तीन-तीन दिवस शौचाला होत नाही." आणि पुढे एका ठिकाणी, "झोपताना पाय माझ्या मांडीखाली खुपसून ठेवतो."

माझ्या मते ही वाक्यं झोपेबद्दलचीच आहेत. तीन दिवस पोट साफ न झालेल्या मोठ्या माणसालाही रात्री चैन पडत नाही; पण आपण तसं सांगतो, इसबगोल घेतो. तुमच्या लेकाला पोट दुखतंय हे सांगायला शब्द नाहीत. तो उठतो, उड्या मारतो, पोट दाबून पालथा पडतो, आणि आपण त्याला खोडी म्हणतो. दुधाचंही तसंच. दुधात लोह अगदी कमी असतं आणि दुधानं पोट भरलं की बाकीचं खाणं उतरत नाही. दूध-बिस्किटांवर वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात लोहाचा साठा कमी पडणं अगदी नेहमीचं आहे. तो कमी असला की काही मुलांच्या पायांत रात्री विचित्र अस्वस्थता येते. पाय हलवावेसे, घासावेसे, कुणीतरी दाबून धरावेसे वाटतात. तो मांडीखाली पाय खुपसतो हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय, आणि ती नुसती माया असेलही. पण एकदा तपासून घ्या. तपासणीचं नाव फेरिटिन. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. ते ठीक असतानाही साठा कमी असू शकतो. लॅबच्या कागदावर आकडा बऱ्याचदा 'नॉर्मल'मध्येच दिसतो, पण पायांची अशी अस्वस्थता असलेल्या मुलाचं फेरिटिन ५० च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात, हे त्यांच्याशी मुद्दाम बोला. ताप-सर्दी असताना ही तपासणी करू नका, तेव्हा आकडा फसवा येतो. आणि लोहाचं सिरप आपल्या मनानं कधीच सुरू करू नका. मुलांना ते जास्त झालं तर जिवावर बेततं.

त्याच भेटीत आणखी काही विचारून घ्या. तो घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटतो का? तसं असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी बघायला हव्यात. दात किडलाय का, अंगाला रात्री खाज सुटते का, दिवसा कुठली औषधं चालू आहेत आणि ती किती वाजता देता? ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं आणि काही फिट फक्त झोपेत येतात. पहाटेचं हसणं बहुतेक वेळा नुसतं हसणंच असतं. पण ते दर वेळी अगदी सारखंच, थोडाच वेळ, आणि त्या वेळात हाक मारली तरी त्याचं लक्ष नाही, किंवा अंग ताठ होतं, असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. तुम्ही तोंडी कितीही सांगितलंत तरी त्या एका मिनिटाच्या व्हिडिओत डॉक्टरांना जास्त कळतं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात फक्त पाच गोष्टी: अंथरुणात किती वाजता, झोप कधी लागली, मध्ये कधी उठला आणि कधी झोपला, सकाळी किती वाजता उठवला, दुपारी किती वेळ झोपला. शौचाला झालं त्या दिवशी एक टिंब. नवऱ्याची पाळी कोणती, ते कोपऱ्यात.

ही पाळी लिहायला सांगण्याचं कारण आहे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्याला झोप लागायला एक वाजतो, हे तुम्हीच कळवलंत. दुसरी पाळी सुटून माणूस चाकणहून घरी येईपर्यंत बारा होतात. मग बेल, दिवा, ताट गरम करणं, पाण्याची मोटार. मला दाट शंका आहे की त्या आठवड्यात तुमचा मुलगा बाबांची वाट बघत जागतो. बाबा कधी असतात, कधी नसतात, दर आठवड्याला वेळ बदलते, आणि हे कुणी त्याला त्याच्या भाषेत सांगितलेलं नाही. घर निजायला लागलं हे बाकीची मुलं आपसूक ओळखतात. भांडी आवरल्याचा आवाज, आजीचं दार लावणं, आईचा बदललेला सूर. तुमच्या लेकाला या खुणा जोडून त्यांतून 'आता रात्र झाली' असा अर्थ काढणं अवघड जातं. म्हणून त्या खुणा डोळ्यांना दिसतील अशा कराव्या लागतात.

हे कसं करायचं ते नीट सांगते, कारण पुष्कळ घरांत 'चित्रांचा तक्ता' म्हणून काहीतरी लावलेलं असतं आणि ते चालत नाही. बाजारातली हसऱ्या मुलाची चित्रं घेऊ नका. त्याच्याच वस्तूंचे फोटो काढा: त्याचा निळा असेल तर निळाच ब्रश, तुमच्याच संडासाचं दार, त्याचा पाण्याचा पेला, त्याची चादर, खोलीतलं दिव्याचं बटण. फोटो स्टुडिओत छोटे छापून घ्या, पुठ्ठ्यावर चिकटवा, मागे वेलक्रोचा तुकडा लावा. एका उभ्या पट्टीवर पाच-सहाच फोटो, वरून खाली. एक काम झालं की तो फोटो त्याच्या हातानं काढायचा आणि खाली ठेवलेल्या डब्यात टाकायचा. पत्र्याचा डबा असला तर 'टण्ण' आवाज होतो आणि मुलांना तो आवडतो. आवाजाचा त्रास होत असेल तर कापडी पिशवी. पट्टी संपली की झोप. सगळ्यांत वर दोन फोटोंपैकी एक लावायचा: बाबा घरात गादीवर बसलेले, किंवा बाबा कंपनीची बॅग घेऊन दारात. बॅगवाला फोटो असला की बाबा आज रात्री भेटणार नाहीत, सकाळी भेटतील. आणि मग नवऱ्यालाही तसं वागावं लागेल. दुसऱ्या पाळीहून आल्यावर बेल न वाजवता किल्लीनं दार उघडायचं, स्वयंपाकघरातलाच दिवा लावायचा, मुलगा जागा दिसला तरी खेळायला बसायचं नाही. दिवसभर न दिसलेलं लेकरू दिसल्यावर हे जड जातं, पण रोज सकाळी त्याचा असा ठरलेला वेळ बाबांनी दिला तर रात्रीचं सुटतं.

आता तुम्ही गृहीत धरलेल्या एका गोष्टीबद्दल. सात वर्षांच्या मुलानं साडेनऊला झोपलंच पाहिजे, म्हणून तुम्ही त्याला साडेनऊला आडवं करता. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते, हे खरं आहे; तुमच्या मुलाची दुपार धरूनही सात-साडेसात तासच होते, तेव्हा ती कमीच पडते आहे. पण अंथरुणात असणं म्हणजे झोप नव्हे. रोज तीन तास तो अंथरुणात जागा पडून असतो, चिडतो, तुम्ही चिडता, आणि अंथरूण म्हणजे कुस्तीची जागा हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

म्हणून सुरुवातीला झोपेची वेळ लवकर आणण्याऐवजी उशिरावर न्यायची. विचित्र वाटेल, पण ही जुनी आणि चांगली पारखलेली पद्धत आहे. त्याला खरी झोप साडेबाराला लागते ना, तर साडेबारालाच अंथरुणात घ्या. तोवर हॉलमध्ये, मंद दिव्यात, शांत खेळ. ट्यूबलाइट नको, टीव्ही-फोन नको. साडेबाराला पट्टी पूर्ण करून आडवं केलं की तो पंधरा-वीस मिनिटांत झोपायला लागेल. असं दोन-तीन रात्री सलग झालं की वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा, सव्वाबारा. पुन्हा दोन-तीन रात्री. दहापर्यंत यायला महिना-दीड महिना लागेल. मध्ये कुठे अडकलात तर आधीच्या वेळेवर परत जा, त्यात काही बिघडत नाही. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच, रविवारीसुद्धा, रात्र कशीही गेली असली तरी. समजा पावणेसात. उठल्याबरोबर खिडकीचा पडदा बाजूला करा, गॅलरीत न्या; सकाळचा उजेड डोळ्यांवर पडणं हे रात्रीच्या झोपेसाठी फार उपयोगाचं आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दुपारच्या झोपेचं मला जपून लिहायला हवं. ती अडीच तासांची झोप त्याच्या रात्रीतून जाते, हे स्पष्ट आहे. पण तीच तुमची एकमेव झोप आहे, आणि ती काढून घ्या असं मी सांगितलं तर तुम्ही चार दिवसांत आजारी पडाल. तेव्हा आधी रात्री तुमच्यासाठी सोय करायची (ती खाली सांगते), आणि मग दुपार हळूहळू आखडायची: आधी साडेतीनला उठवा, मग तीनला. तीननंतर झोप नको. संध्याकाळी बागेत झोपाळा, पळणं, जिना चढणं-उतरणं, काहीही, पण अंग दमेल असं.

साडेतीनचा प्रश्न वेगळा आहे. रात्रीतून दोन-चार वेळा आपण सगळेच अर्धवट जागे होतो, कूस बदलतो, सगळं जिथल्या तिथे आहे म्हणून पुन्हा झोपतो. सकाळी आठवतही नाही. तुमचा मुलगा झोपताना त्याच्या मुठीत तुमचे केस असतात. साडेतीनला मूठ रिकामी असते. मग तो पूर्ण जागा होतो. आणि जागं झाल्यावर त्याला काय मिळतं? हॉल, आई आणि फोन. शेजारी भांडतात, धाकटी उठते, नवऱ्याची पहिली पाळी असली तर त्याला पाचला निघायचं असतं. अशा वेळी तुम्ही फोन दिलात यात तुमची काहीच चूक नाही. पण दिवसभरातली सगळ्यांत आवडती गोष्ट रोज साडेतीनला मिळत असेल तर तो साडेतीनला उठणारच.

केसांसाठी एक युक्ती. जाड लोकरीची किंवा सुती दोऱ्याची गंगावनासारखी वेणी घाला, वीतभरच, घट्ट, दोन्ही टोकं शिवून टाकलेली. लांब नको, गळ्या-बोटांभोवती गुंडाळली जाता कामा नये. आठ-दहा दिवस ती तुमच्या उशीत ठेवा, तुमच्या तेलाचा वास लागू दे. मग झोपताना त्याच्या मुठीत तुमचे केस आणि वेणी दोन्ही. काही दिवसांनी फक्त वेणी, तुम्ही शेजारी पडलेल्या. मग तुम्ही हातभर लांब, मग खोलीच्या दाराशी बसलेल्या. झोप लागताना जे हातात होतं तेच साडेतीनलाही हातात असेल, असं बघायचं.

फोन रात्री 'नाही' म्हणजे नाहीच, आणि हे त्याच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं: पट्टीवर फोनचा फोटो, फोन बंद करून कपाटात ठेवला, फोटो डब्यात. घरातले सगळे फोन, बरं का. साडेतीनला उठला की दर वेळी तेच आणि तेवढंच: लघवी, घोटभर पाणी, अंथरूण. दिवा लावायचा नाही, बोलायचं तर दोन-तीन ठरलेले शब्द. तो लगेच झोपलाच पाहिजे असं नाही. अंधारात वेणी कुरवाळत पडून राहिला तरी चालेल. उशाशी एक टोपली ठेवा, त्यात आवाज न करणाऱ्या दोन-तीन वस्तू. पहिले चार-पाच दिवस तो आधीपेक्षा जास्त गोंधळ घालेल. जे रोज मिळत होतं ते अचानक का नाही, हे तो जोरात विचारेल. त्या दिवसांत तिसऱ्या रात्री हार मानून फोन दिला तर त्याला एवढंच कळेल की जास्त वेळ ओरडायला हवं. म्हणूनच खालच्या शेजाऱ्यांकडे त्याआधी दिवसा, शांतपणे, शक्यतो नवरा-बायको दोघांनी जाऊन या. मुलाला ऑटिझम आहे, आम्ही अमुक तारखेपासून त्याची झोप बसवायला घेतोय, आठवडाभर त्रास होईल, असं सांगा. तारीख सांगितली की माणसं बरंच सोसतात. अंथरुणाखाली आणि हॉलच्या कोपऱ्यात जाड गादी किंवा व्यायामाची रबरी चटई टाका, उड्यांचा दणका खाली कमी जाईल. आणि गॅलरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी, मुख्य दाराला आतून कुलूप, गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद. जागं होणाऱ्या मुलाच्या घरात हे झालंच पाहिजे. तिसरा मजला आहे.

वेगळं झोपवण्याचा आग्रह मला पटत नाही. वन बीएचकेत तो वेगळा झोपणार कुठे? आपल्याकडे मुलं आईबापाजवळ, आजीजवळ झोपतात आणि पिढ्यान्‌पिढ्या चांगली झोपत आली आहेत. शेजारी असणं आणि झोप लागण्यासाठी तुमच्या शरीराचा एखादा भाग हातात लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरी सोडवली की पहिलीला हात लावायची गरज नाही. 'रडला तरी जवळ घेऊ नका' ही पद्धत काही मुलांना लागू पडते, हे मला मान्य आहे. पण ज्याला शब्द नाहीत, जो का रडतोय हे आपल्याला कळत नाही, ज्याचं पोट तीन दिवस साफ नाही, त्याला रडत ठेवणं मी सुचवणार नाही. थेरपिस्टशी भांडू नका. ही योजना त्यांना दाखवा. चांगल्या थेरपिस्ट असतील तर मदतच करतील.

औषधांकडे येते. सर्दीचं सिरप रोज द्यायचं नाही, यावर माझं ठाम मत आहे. त्यातल्या ज्या घटकानं गुंगी येते त्याची शरीराला लवकर सवय होते आणि काही दिवसांत झोप येईनाशी होते. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतं, म्हणजे तुमच्या मुलाचं मूळ दुखणंच वाढतं. काही मुलं तर उलट जास्त चेकाळतात.

मेलाटोनिनचं तसं नाही. ते मुलाला गुंगवून पाडत नाही. अंधार पडल्यावर मेंदूत आपोआप तयार होणारं ते संप्रेरक आहे, आणि ऑटिझम असलेल्या अनेक मुलांमध्ये त्याचं वेळापत्रक किंवा प्रमाण वेगळं असल्याचं आढळलं आहे. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये या विषयावर मार्गदर्शन केलं. त्यात क्रम स्पष्ट आहे: आधी दुखणं-खुपणं आणि चालू औषधं तपासा, मग सवयी आणि दिनक्रम, आणि त्यानं भागलं नाही तर त्याच्या जोडीला मेलाटोनिन, झोपेच्या अर्धा ते एक तास आधी, १ ते ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून, १० च्या वर नाही, आणि औषधाच्या दर्जाचं. शेवटची अट तुमच्या कामाची आहे. अमेरिकेत मेलाटोनिन पूरक आहार म्हणून विकलं जातं, त्याला औषधाइतकी कडक तपासणी नसते. २०२३ मध्ये तिथल्या २५ जेली-गोळ्या तपासल्या तेव्हा २२ मध्ये लेबलवर लिहिलेलं आणि आत असलेलं जुळत नव्हतं. एकीत तर लिहिलेल्याच्या जवळजवळ साडेतीनपट होतं. नणंदेनं प्रेमानं पाठवलंय, तिला बोल लावू नका. पण ती बाटली आज उंचावर, कुलुपात ठेवा. रंगीत जेली आहे, तीन वर्षांच्या तुमच्या मुलीला ती चॉकलेटच वाटणार. आणि डॉक्टरांना विचारा. साध्या मेलाटोनिननं झोप लवकर लागते, पण पहाटेचं उठणं त्यानं फारसं सुटत नाही. तुमची जास्त ओढाताण तर पहाटेच आहे. महिनाभर वरचं सगळं नेटानं करूनही त्याला झोप लागायला दोन-दोन तास लागत असतील, तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं मेलाटोनिन घ्यायला अजिबात कचरू नका. औषध दिलं म्हणजे आई हरली, असं काही नसतं.

कुणीतरी तुम्हाला महागडं वजनदार ब्लँकेटही सुचवेल. ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवर त्याची रीतसर तुलना झाली, २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. झोप वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते पांघरूण आवडलं. तुमच्या घरात जुनी जड गोधडी असेल आणि ती त्याला आवडत असेल, त्याची त्याला ती भिरकावता येत असेल, तर तीच द्या. हजारो रुपये घालू नका.

तुम्ही कमी पडता असं लिहिलंत. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेचा त्रास असतो. काही अभ्यासांत हा आकडा ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो. या सगळ्या आया कमी पडत नाहीत. तीन वर्षं तुम्ही एकटीनं रात्री काढल्यात, हे मात्र बदलायला हवं, कारण चार तास झोपलेल्या माणसाला कुठलीच योजना सलग पाळता येत नाही.

तुम्ही लिहिलंय की सासूबाई रोज साडेचारला उठतात, अंघोळ-पूजा करतात आणि मग सहापर्यंत "नुसत्या बसून असतात". ताई, साडेचारनंतरची पाळी त्यांची होऊ शकते. त्यांना हे कुणी मागितलेलंच नसावं. त्या 'आमची पोरं अशी नव्हती' म्हणतात, त्यात टोमणा असेल, पण मला त्यात आपलं इथे काही चालत नाही अशी खंतही दिसते. त्यांना दोन कामं द्या. रात्री पट्टीवरचा एक फोटो त्यांचा: पायांना तेल लावणं आणि तेव्हा रोज एकच गाणं किंवा स्तोत्र म्हणणं, त्याच चालीत, त्याच क्रमानं. त्याला दाब आवडतो आणि रोज तेच ते आवडतं, आणि दोन्ही देण्याइतका धीर घरात त्यांच्याजवळच आहे. आणि साडेचारनंतर तो जागा असला तर अंधारात त्याच्याजवळ बसणं. फोन न देता.

नवऱ्याच्या साप्ताहिक सुटीची आदली रात्र पूर्ण त्याची. त्या रात्री तुम्ही मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत, दार लावून, कानात कापसाचे बोळे घालून झोपायचं. आतून हाक आली तरी उठायचं नाही. पहिल्यांदा मुलगा तुम्हाला शोधेल, नवरा गडबडेल, दोघंही शिकतील. आठवड्यातून एक पूर्ण रात्र आणि बाकीच्या दिवशी साडेचारनंतरचे दोन तास एवढं तुम्हाला मिळालं, की मग दुपारची झोप आखडायला घ्या. आधी नाही.

हे सगळं करायला मोठी संस्था किंवा महिन्याला हजारो रुपयांची थेरपी लागत नाही. अमेरिकेत बेथ मॅलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० मुलांच्या पालकांना अशाच गोष्टी शिकवल्या. काहींना एकेकट्यानं, काहींना गटात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांतल्या मुलांची झोप सुधारली, आणि एकेकट्यानं शिकवण्याचा जादा फायदा दिसला नाही. तुमच्या मुलाच्या शाळेत आणखी चार आया याच अवस्थेत असणार. महिन्यातून एकदा बसा, कॅलेंडरं समोर ठेवा. डॉक्टरांचा खर्च अडचणीचा असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून चालणारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (डीईआयसी) सरकारी रुग्णालयांत आहेत. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्याचा अर्ज अजून भरला नसेल तर भरा.

गणपतीच्या दिवसांत, लग्नाला गावी गेलात तर, किंवा तो आजारी पडला तर घडी विस्कटेल. तेव्हा सगळं सोडून द्यायचं नाही आणि सगळं पाळायचा हट्टही नको. उठण्याची वेळ आणि पट्टी, एवढ्या दोनच गोष्टी धरून ठेवा. पट्टी पिशवीत घालून गावालाही नेता येते. घरी परतल्यावर जिथे होतात त्याच्या अर्धा तास उशिरापासून पुन्हा सुरू करा.

क्रम असा ठेवा. आजपासून कॅलेंडर. दोन आठवड्यांनी डॉक्टर. पोट आणि फेरिटिन आधी. बद्धकोष्ठाचं औषध सुरू होऊन पोट नीट साफ व्हायला लागलं की मग झोपेची वेळ हातात घ्या. ती नवऱ्याच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात सुरू करा, म्हणजे संध्याकाळी तो घरी असेल. केसांऐवजी वेणी देणं आणि फोन बंद करणं एकाच वेळी सुरू करू नका. आधी वेणी बसू द्या, फोन त्यानंतर पंधरा दिवसांनी.